भुतालाही आई हवी असते!

पावसाळ्यात छताला ओल धरली की आपण काय करतो? आधी वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतो. वरच्या बाई म्हणतात, ‘आमच्याकडे नाही हो काही गळत!’ मग सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घालतो. ते ‘प्लंबरला सांगतो’ म्हणतात, आणि प्लंबर काही उगवत नाही. तोवर तो डाग आपला हळूहळू पसरत राहतो. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा, मग परातीएवढा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नजर नेमकी तिथेच जाते...

तर मैत्रिणींनो, एवढ्याशा भांडवलावर एका जपानी दिग्दर्शकानं अख्खा चित्रपट उभा केला, आणि तो पाहून देशोदेशीच्या प्रेक्षकांची बोबडी वळली. या दिग्दर्शकाचं नाव हिदेओ नाकाता. जपानी भयपटांचा विषय निघाला की जी दोन-चार नावं हटकून घेतली जातात, त्यांतलं हे एक.

‘भयपट? छे बाई, आपण नाही ते बघत!’ असं म्हणून पान उलटू नका. नाकातांच्या चित्रपटांत रक्ताचे पाट वाहत नाहीत. सुरे-कोयते नाहीत, ओसाड हवेली नाही, मेणबत्ती घेऊन गाणं म्हणत फिरणारी पांढऱ्या साडीतली बाई तर नाहीच नाही. त्यांचं भूत राहतं टीव्हीच्या पेटीत, टेलिफोनात, नळाच्या पाण्यात, लिफ्टमध्ये. आणि त्याची गाठ पडते ती बहुतेक वेळा एका एकट्या आईशी. तिला नोकरी आहे, लहान मूल आहे, नवरा सोडून गेलाय किंवा तिनं त्याला सोडलंय, आणि वेळ म्हणाल तर तिच्याकडे मुळीच नाही. ही बाई आपल्याला अनोळखी आहे का, तुम्हीच सांगा!

शृंगारपटांच्या शाळेत

नाकातांचा जन्म १९६१ सालचा, पश्चिम जपानातल्या ओकायामा प्रांतातला. शिक्षण टोकियो विद्यापीठात. हे जपानातलं सगळ्यांत मानाचं विद्यापीठ. तिथून बाहेर पडलेल्या मुलानं सरकारी खात्यात किंवा मोठ्या कंपनीत चिकटावं, ही घरच्यांची साधी अपेक्षा. हे चिरंजीव मात्र १९८५ साली निक्कात्सु या चित्रपट कंपनीत सहायक दिग्दर्शक म्हणून दाखल झाले. आणि निक्कात्सु त्या काळात काय काढत होती? प्रौढांसाठीचे शृंगारपट! घरोघरी टीव्ही आल्यावर जपानातली थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा तग धरायला म्हणून या जुन्या, नावाजलेल्या कंपनीनं १९७१ पासून हा मार्ग पत्करला होता. आता घरी विचारलं की ‘काय करतोस?’ तर सांगायचं काय!

पण शाळा म्हणून ती वाईट नव्हती. पैसा थोडा, चित्रीकरणाचे दिवस थोडे, आणि गोष्ट सगळी एक-दोन खोल्यांत घडणारी. घरात होतं तेवढ्या जिनसांत चार माणसांचा स्वयंपाक कसा करायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. नाकाता ते तिथे शिकले. बंद खोलीत दोन माणसं आणि एक दिवा एवढ्यावर प्रेक्षकाला खुर्चीत कसं धरून ठेवायचं, हे त्यांनी मासारू कोनुमा यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या हाताखाली पाहिलं. पुढे २००० साली त्यांनी या कोनुमांवर एक माहितीपट काढला. गुरू कुठल्या प्रकारचे चित्रपट काढत होता याची लाज न बाळगता शिष्यानं ऋण मान्य केलं, हे मला आवडलं.

१९९२ साली जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते लंडनला गेले. तिथे त्यांच्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं. जोसेफ लोझी नावाचे एक अमेरिकन दिग्दर्शक होते. कम्युनिस्ट म्हणून संशय घेतला गेल्यामुळे त्यांना देश सोडून इंग्लंडमध्ये संसार मांडावा लागला होता. त्यांच्या आयुष्यावर नाकातांना माहितीपट करायचा होता. काम सुरू झालं, पण पैसा पुरेना. इकडे १९९३ साली निक्कात्सुनं दिवाळं जाहीर केलं. माहितीपट पुरा करायचा तर चार पैसे देणारं काहीतरी काढायला हवं होतं. म्हणून १९९६ साली त्यांनी ‘जोयू-रेई’, म्हणजे ‘नटीचं भूत’, हा छोटा चित्रपट काढला. एका स्टुडिओत चित्रीकरण चाललेलं असतं, धुतलेल्या फिल्ममध्ये कुठल्या तरी जुन्या, अर्धवट राहिलेल्या चित्रपटाची दृश्यं निघतात, आणि नटीच्या पाठीमागे कुणीतरी उभं असलेलं दिसतं...

अशी ही भुतांशी झालेली पहिली गाठभेट. पोटासाठी म्हणा, हौसेच्या कामासाठी म्हणा, पण भुतांच्या हौसेपोटी नव्हे. आपला खरा ओढा प्रेमकथांकडे, कौटुंबिक कथांकडे आहे, असं नाकातांनी मुलाखतींतून पुष्कळदा सांगितलं आहे. लोझींवरचा माहितीपट अखेर १९९८ साली पुरा झाला. तो किती जणांनी पाहिला कोण जाणे. कारण त्याच वर्षी नाकातांनी दुसरंही काहीतरी काढलं होतं.

सात दिवसांची मुदत

कोजी सुझुकी यांची ‘रिंग’ ही कादंबरी १९९१ सालची. हे सुझुकी म्हणजे मुलखावेगळे गृहस्थ. बायको शिक्षिका, ती शाळेत जायची आणि हे घरी राहून मुली सांभाळायचे, आणि त्यातून वेळ काढून लिहायचे. जपानसारख्या देशात, जिथे बाप रात्री उशिरा घरी येतो आणि मुलांना रविवारीच दिसतो असं म्हणतात, तिथे हे नवलच.

गोष्ट अशी. एक व्हिडिओ कॅसेट असते. ती पाहिली की लगेच टेलिफोन वाजतो, आणि बरोबर सात दिवसांनी पाहणारा मरतो. कादंबरीत या कॅसेटचा छडा लावतो एक पुरुष पत्रकार, ज्याला घरी बायको आणि तान्ही मुलगी आहे. नाकाता आणि त्यांचे पटकथाकार हिरोशी ताकाहाशी यांनी काय केलं, तर त्या पत्रकाराची बाई केली! रेइको आसाकावा : टीव्हीवर बातम्यांचं काम करणारी, घटस्फोटित, पदरी योइची नावाचा लहान मुलगा. कामापायी उशीर होतो, पोरगं घरात एकटं. भाचीच्या आकस्मिक मृत्यूचा शोध घेता घेता रेइको ती कॅसेट पाहते, आणि मग मदतीला कुणाला बोलावते? घटस्फोट दिलेल्या नवऱ्याला.

हा एक बदल झाला, आणि गोष्टीचा रंगच पालटला. मृत्यूची टांगती तलवार डोक्यावर असलेली ही दोन दुरावलेली माणसं सात दिवसांपुरती पुन्हा नवरा-बायको होतात. भांडत नाहीत, फारसं बोलतही नाहीत. तो शांतपणे तिच्याबरोबर बोटीत बसतो, जुनी वर्तमानपत्रं चाळतो. (नवऱ्याचं काम हिरोयुकी सानादा यांनी केलंय. यांनाच २०२४ साली ‘शोगन’ या मालिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला.) दरम्यान नको ते घडतं. एका रात्री रेइकोला जाग येते, शेजारी मुलगा नसतो, आणि बाहेरच्या खोलीत येऊन पाहते तो काय, पोरगं टीव्हीसमोर बसून तीच कॅसेट बघतंय! तोवर तिला फक्त आपल्या जिवाची काळजी असते. आता?

शेवटी ते एका विहिरीपर्यंत पोचतात. कॅसेटमधली ती केस सोडलेली मुलगी, सादाको, हिला बाप म्हणवणाऱ्या माणसानंच विहिरीत ढकललेलं असतं. वर चढायची धडपड करता करता तिची बोटांची नखं निघून गेलेली. नवरा-बायको बादल्यांनी विहिरीचं पाणी उपसतात. रेइको खाली उतरते, चिखलात हात घालते, हाताला केस लागतात... आणि खालून सांगाडा वर आल्यावर ही बाई किंचाळत नाही. ती त्याला कुशीत घेते. दमून झोपलेल्या लेकराला घ्यावं, तसं!

इथे चित्रपट संपला असता तर आपणही डोळे पुसून उठलो असतो. बिचाऱ्या पोरीला माया मिळाली, आत्म्याला शांती मिळाली. नाकाता तसं होऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी नवरा घरी एकटा असताना टीव्ही आपोआप सुरू होतो, पडद्यावरची विहीर दिसते, त्यातून सादाको बाहेर येते आणि... टीव्हीच्या काचेतून खोलीत उतरते. रेइको वाचली होती ती माया दाखवली म्हणून नव्हे. तिनं कॅसेटची दुसरी प्रत काढून नवऱ्याला दाखवली होती, म्हणून! मग मुलाला वाचवायचं तर मुलानंही प्रत काढून कुणाला तरी दाखवायला हवी. कुणाला? अखेरच्या दृश्यात रेइको गाडीत बसून आपल्या वडिलांना फोन करते. नातवासाठी एक काम करायचंय, म्हणून सांगते.

लेकरासाठी बापाचा जीव! चित्रपट संपतो आणि आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहतो. तुम्ही काय केलं असतं? उत्तर मनातल्या मनातच द्या. घरात मोठ्यानं बोलायचा हा विषय नव्हे.

विहीर आणि मोकळे केस

सादाको आकाशातून पडलेली नाही, बरं का. हातभर मोकळे केस आणि पांढरं वस्त्र हा जपानी भुतांचा जुनाच अवतार. पूर्वी तिथे मृताला पांढरं नेसवून, केस मोकळे सोडून निरोप देत. जपानात भुताच्या गोष्टींचा मोसम उन्हाळा! पितरांचा ‘ओबोन’ सणही तेव्हाच येतो, आणि गोष्ट ऐकून अंगावर काटा आला की उकाडा कमी वाटतो म्हणे. (नाकातांनी ‘रिंग’ आणला तो मात्र ऐन थंडीत, ३१ जानेवारी १९९८ रोजी.) त्या जुन्या गोष्टींतल्या बायका एकदा पाहाच. ओकिकु ही वाड्यावरची मोलकरीण. दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक कमी भरली म्हणून तिचा जीव जातो आणि प्रेत विहिरीत पडतं. रात्री विहिरीतून ताटल्या मोजल्याचा आवाज येतो : एक, दोन, तीन... नऊपर्यंत. हिमेजीच्या किल्ल्यात ओकिकुची म्हणून एक विहीर आजही दाखवतात. १८२५ सालच्या काबुकी नाटकातली ओइवा बाळंतपणातून उठलेलीही नसते. औषध म्हणून तिला विष पाठवलं जातं, कारण नवऱ्याला दुसरं लग्न करायचं असतं. केस विंचरायला बसते, तर केसांचे पुंजके हातात येतात.

आपल्याकडची हडळ तरी कोण असते? बाळंतपणात गेलेली, नाहीतर सासरी गांजलेली. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही, तिला गोष्टीत तरी बोलू दिलं लोकांनी.

सादाकोच्या आईच्या गोष्टीला तर खऱ्या घटनेचा आधार आहे. कुमामोतोकडची मिफुने चिझुको नावाची तरुणी होती. तिला बंद पाकिटातलं वाचता येतं, अशी ख्याती. टोकियोच्या विद्यापीठातले तोमोकिची फुकुराई हे मानसशास्त्रज्ञ तिच्यावर प्रयोग करू लागले. १९१० साली विद्वानांपुढे तिची परीक्षा झाली, तीत लबाडीचे आरोप झाले, वर्तमानपत्रांनी तिला धारेवर धरलं. १९११ च्या जानेवारीत या मुलीनं विष घेतलं. वय फक्त २४. तिला खरोखर काही दिसत होतं की नव्हतं, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येते ती समोर ओळीनं बसलेली पुरुष मंडळी आणि मधे एकटी ती. चित्रपटात सादाकोची आईही अशीच पत्रकारांपुढे उभी राहते, लोक तिची हुर्यो उडवतात, आणि पुढे ती ज्वालामुखीत उडी घेते.

आता थोडं पडद्यामागचं. टीव्हीतून बाहेर येणारी सादाको रंगवली रिए इनो या अभिनेत्रीनं. तिला उलट्या पावली चालायला लावून चित्रीकरण केलं आणि नंतर फिल्म उलटी फिरवली. त्यामुळे ती पुढे येते खरी, पण माणूस असा चालत नाही, हे आपल्याला कुठेतरी आत जाणवतं. चेहरा केसांनी झाकलेला. दिसतो तो शेवटी फक्त एक डोळा, आणि तो डोळा तिचा नाहीच, चित्रीकरणाच्या ताफ्यातल्या एका पुरुषाचा आहे! केन्जी कावाई यांचं संगीतही असंच, कधी धातू घासल्यासारखं, कधी नुसती शांतता. युक्त्या म्हणाल तर एवढ्याच. ‘नटीचं भूत’मध्ये भुताचा चेहरा दिसत होता, इथे तो झाकला, आणि भीती दुप्पट झाली.

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. ‘रिंग’ तुफान चालला. त्याच्या जोडीला त्याच दिवशी दुसऱ्या दिग्दर्शकानं काढलेला पुढचा भाग ‘रासेन’ लावला होता, तो साफ पडला. तेव्हा निर्मात्यांनी तो जणू झालाच नाही असं ठरवून नाकातांकडून १९९९ साली ‘रिंग २’ करून घेतला. कोरियानं १९९९ मध्ये आपली आवृत्ती काढली, हॉलिवूडनं २००२ मध्ये. हॉलिवूडच्या ‘द रिंग’नं जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. आणि सादाको? ती इतकी घरची झाली की २०१२ साली एका चित्रपटाच्या जाहिरातीसाठी टोकियोच्या बेसबॉल मैदानावर सामन्याचा पहिला चेंडू टाकायला आली! तो चित्रपट नाकातांचा नव्हता, एवढंच समाधान.

तीनशे पाच नंबरची खोली

पण मला सांगायचंय ते २००२ सालच्या चित्रपटाबद्दल. जपानी नाव लांबलचक आहे. बाहेर तो ‘डार्क वॉटर’ म्हणून ओळखला जातो. मूळ कथा पुन्हा सुझुकींचीच. आणि माझ्या मते नाकातांचं सर्वांत सरस काम ‘रिंग’ नव्हे, हेच.

योशिमी नावाची बाई. घटस्फोट चाललाय. पाच-सहा वर्षांची मुलगी इकुको हिचा ताबा कुणाला, यावर कौटुंबिक न्यायालयात तडजोडीच्या बैठका चालल्यात. त्या काळच्या जपानी कायद्यात घटस्फोटानंतर मूल एकाच पालकाच्या ताब्यात जायचं. दोघांना मिळून ताबा देण्याची तरतूद तिथल्या संसदेनं २०२४ साली केली. म्हणजे योशिमीला मुलगी मिळाली तर पूर्ण मिळणार, नाहीतर गेली ती गेलीच. समोरच्या माणसांनी विचारलेले प्रश्न ऐका : तुम्हाला नोकरी आहे का? पूर्वी मानसोपचार घेतले होते ना? ते कशासाठी? तिनं घेतलेले असतात. मुद्रितं तपासण्याची नोकरी करताना मारझोडीच्या, खुनाच्या कादंबऱ्या वाचून वाचून तिची झोप उडालेली असते. पण तिथे बसून हे सांगायचं कसं? आवाज जरा चढला की ‘पाहा, हिचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हणायला नवरा समोर टपलेला आहेच.

परवडेल अशी जागा म्हणून ती एका जुनाट, कळकट इमारतीत ३०५ नंबरची खोली घेते. बाहेर सारखा पाऊस. छताला ओल. वरच्या ४०५ मध्ये कुणी राहत नाही, पण पावलं वाजतात. पहारेकरी म्हातारा कानावर हात ठेवतो, जागा देणारा दलाल गोड बोलून कटवतो. नळाच्या पाण्यात लांब केस येतो. गच्चीवर लहान मुलीची एक लाल पिशवी सापडते. टाकून दिली तरी ती परत येते.

नोकरीसाठी मुलाखत द्यायला गेलेली योशिमी घड्याळाकडे बघते आहे, समोरचा माणूस बोलतोच आहे, आणि तिकडे बालवाडी सुटून मुलगी दारात उभी असेल... बाई गं! भुतापेक्षा मला या प्रसंगानं जास्त घाम फोडला. ती धावत पळत पोचते तोवर मुलगी तिथे नसते. नाकाता इथे आणखी एक धागा घालतात. योशिमी स्वतः लहान असताना अशीच पावसात, बालवाडीच्या दाराशी, न येणाऱ्या आईची वाट पाहत बसलेली असते.

आणि वरच्या मजल्यावरचं भूत कोण? पिवळा रेनकोट घातलेली मित्सुको, इकुकोएवढीच मुलगी. तिची आई तिला टाकून गेलेली. दोन वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशी खेळता खेळता तिची पिशवी आत पडली, ती काढायला गेली आणि... ज्या टाकीचं पाणी सगळी इमारत पीत होती, त्याच टाकीत!

या मुलीला सूड नकोय, तिला आई हवी आहे. तिनं योशिमीला निवडलंय, आणि वाटेत आहे ती इकुको. शेवटी लिफ्टमध्ये योशिमीपुढे एकच वाट उरते. ती त्या भिजलेल्या, कुजलेल्या पोरीला पोटाशी धरते, ‘मीच तुझी आई’ म्हणते, आणि लिफ्टचं दार मिटतं. बाहेर आपली मुलगी हाका मारत जिने चढते आहे. वरच्या मजल्यावर दार उघडतं, तर आतून नुसता गढूळ पाण्याचा लोंढा.

स्वतःच्या मुलीला वाचवायचं म्हणून परक्या मुलीची आई व्हायचं, आणि स्वतःची मुलगी आयुष्यभर समजणार की आई मला टाकून गेली. कोर्टानं दिलं नसतं असं हे शासन! दहा वर्षांनी सोळा वर्षांची इकुको त्या इमारतीत परत येते, तो शेवटचा तुकडा अनेकांना अनावश्यक वाटला. मला नाही वाटला. खोली स्वच्छ, आई तेव्हाच्याच वयाची. मुलगी म्हणते, मी इथे राहायला येऊ का? आणि आईला ‘ये’ म्हणता येत नाही.

योशिमीचं काम केलंय हितोमी कुरोकी हिनं. ही मूळची ताकाराझुका मंडळीतली. आपल्याकडे बालगंधर्वांनी शालू नेसून स्त्रीभूमिका केल्या. या मंडळीत सगळ्या बायकाच, पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. कुरोकी तिथली नावाजलेली नायिका. तो झगमगाट पुसून ती इथे इतकी साधी, दमलेली, सतत अर्धा मिनिट उशीर झालेली बाई होते की पडद्यावर नटी आहे हे विसरायला होतं. २००७ साली नाकातांनी ‘काइदान’ काढला, त्यातही तीच आहे. एन्चो या एकोणिसाव्या शतकातल्या कथेकऱ्याची ती कथा : तरुण पुरुषावर जीव लावून बसलेली प्रौढ संगीतशिक्षिका, त्याच्या हातून झालेली चेहऱ्यावरची जखम, आणि मरताना दिलेला शाप, की तू जिच्याशी लग्न करशील तिला मी जगू देणार नाही.

हॉलिवूडची आई

२००५ साली हॉलिवूडनं खुद्द नाकातांनाच बोलावलं, ‘द रिंग टू’साठी. (त्याच वर्षी ‘डार्क वॉटर’चीही अमेरिकन आवृत्ती निघाली, ती वॉल्टर सालेस यांनी केली.) इथली आई रेचेल, म्हणजे नाओमी वॉट्स. विहिरीतली मुलगी समारा तिच्या मुलाच्या अंगात शिरू पाहते, कारण तिलाही आईच हवी आहे. मुलगा आजारी पडतो, अंगावर वळ दिसतात, आणि इस्पितळातल्या लोकांचा संशय येतो तो आईवरच! विषय पाहा, ‘डार्क वॉटर’चाच. पण शेवट अगदी उलटा. रेचेल समाराला ठणकावून सांगते की मी तुझी आई नाही, आणि विहिरीवर झाकण ओढते. आपला मुलगा आपल्याकडे, परकी मुलगी अंधारात. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. मला तरी ते झाकण ओढल्याचा आवाज आवडला नाही.

गल्ला चांगला जमला, पण नाकातांचं मन तिथे रमलं नाही. मंजुरीसाठी ताटकळणं, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या बाजूंनी टिपणं, अशा तिथल्या रीतींवर त्यांनी २००९ साली एक माहितीपटच काढला. भांडण काढण्यापेक्षा बरं!

त्यानंतर त्यांनी पुष्कळ काढलं. सगळंच जमलं असं नाही. २०१० साली इंग्लंडमध्ये काढलेला ‘चॅटरूम’ कान महोत्सवात गेला, पण लोकांना रुचला नाही. २०१९ साली ते ‘सादाको’ घेऊन परतले. कॅसेटी इतिहासजमा झालेल्या, म्हणून भूत आता इंटरनेटवरच्या व्हिडिओत. भीती मात्र काही आली नाही. त्यामानानं २०१३ सालचा ‘द कॉम्प्लेक्स’ पाहण्याजोगा आहे. युद्धानंतर सरकारनं मध्यमवर्गासाठी बांधलेल्या चाळवजा वसाहती, त्यांना तिथे ‘दान्ची’ म्हणतात. एकेकाळी नवी कुटुंबं हौसेनं राहायला येत. आता तिथे म्हातारी माणसं एकटी राहतात, आणि एकटीच जातात. परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या मुलीला शेजारच्या खोलीतून भिंत खरवडल्याचा आवाज येतो. चौकशी करावी तर शेजारचे आजोबा कधीच गेलेले, आणि कुणाला पत्ताच नाही. २०२० साली त्यांनी जिथे कुणी वाईट रीतीनं मेलं आहे अशा, भाड्यानं मिळणाऱ्या जागांवर चित्रपट काढला. खून-आत्महत्या झालेली जागा तिथे स्वस्तात मिळते. एक विनोदी नट मुद्दाम अशाच जागांत राहायचा, त्याच्या अनुभवांवरून. म्हणजे फिरून फिरून गाडी घराशीच!

आता कुणी पाहायचं म्हणत असेल तर माझ्याकडून चार सूचना. आधी ‘डार्क वॉटर’ पाहा, मग ‘रिंग’. आणि दोन्ही मूळ जपानीच, खाली अक्षरं वाचत. भाषा कळत नाही म्हणून अडत नाही, संवाद थोडेच आहेत. मुलं झोपल्यावर पाहा. रक्त नाही म्हणून लहानांना चालेल, असं मुळीच समजू नका. आई दिसेनाशी होते ते दृश्य मोठ्यांना एक वेळ सोसेल, सहा वर्षांच्या पोराला नाही. यजमानांना शेजारी बसवा, पण ‘यात काय घाबरण्यासारखं?’ असं ते मधूनमधून म्हणणारच, तिकडे लक्ष देऊ नका. आणि न्यायालयातल्या त्या बैठकीचा प्रसंग आला की चहा करायला उठू नका. तिथे भूत नाही असं वाटून पुष्कळजणी नेमक्या तेव्हाच उठतात.